जुन्या गाडीसाठी नवे वायरिंग हार्नेस निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि गोकाक या पट्ट्यात फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड आणि महिंद्राच्या जुन्या जीप आजही अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत. इंजिन बांधणारे आणि पत्र्याचे काम करणारे चांगले कारागीर आपल्याकडे आहेत. वायरिंगची, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरी एकत्र बांधलेल्या जुडग्याची (हार्नेसची) पाळी आली की मात्र बहुतेक मालक गोंधळतात, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि चुकले तर गाडी जळू शकते. आमच्या भागातले मालक जे प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

संपूर्ण हार्नेस बदलावे, की खराब झालेल्या वायरी तेवढ्या बदलाव्यात?

आधी तपासणी करावी आणि मग ठरवावे. बोनेटखालची, इंजिनाच्या उष्णतेजवळची एखादी वायर हलकेच वाकवून पाहावी. आवरणाला तडे गेले किंवा त्याचे तुकडे पडले, तर त्या भागातले हार्नेस संपले असे समजावे. त्यानंतर टोकापासून दोन सेंटिमीटर आवरण सोलून आतले तांबे पाहावे. ते तांबूस आणि चमकदार असेल तर वायर अजून चांगली आहे. काळे पडले असेल किंवा त्यावर हिरवट राप चढला असेल, तर आणखी पंधरा-वीस सेंटिमीटर मागे जाऊन पुन्हा सोलावे. ओल वायरीच्या टोकातून शिरते आणि आवरणाच्या आतून पुढे सरकते, म्हणून टोक कापून नवा लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावल्याने हा रोग जात नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास आढळते.

पुढचा भाग उष्णतेने आधी खराब होतो, तर डिकीकडे जाणारा भाग अनेकदा सुस्थितीत असतो. हार्नेस मुळातच दोन-तीन तुकड्यांत जोडलेले असेल, तर केवळ पुढचा तुकडा बदलणे योग्य आणि कमी खर्चाचे ठरते. मात्र वेगवेगळ्या हातांनी चिकटपट्टीत गुंडाळलेले सांधे जागोजागी दिसत असतील आणि कोणती वायर कुठे जाते हे कोणालाच सांगता येत नसेल, तर डागडुजीत पैसे घालू नयेत. अशा गाडीचे वायरिंग संपूर्ण बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगितले की योग्य हार्नेस मिळते ना?

बहुतेक वेळा मिळत नाही, आणि सर्वाधिक पैसे येथेच वाया जातात. हार्नेस कॅटलॉगातल्या नावासाठी घ्यायचे नसून आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीसाठी घ्यायचे असते. अँबेसेडरचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. फियाट ११०० डी या गाडीला १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि ती पुढे साधारण २००० पर्यंत बनत राहिली. एवढ्या काळात बॅटरी चार्ज करणारा डायनमो जाऊन त्याच कामाचा अल्टरनेटर आला, खटके बदलले, दिवे बदलले आणि फ्यूज बॉक्सही बदलले. त्यातच पन्नास वर्षांत मालकांनी स्वतःहून केलेले बदल वेगळेच असतात. १९६८ च्या गाडीत १९८५ चा डॅशबोर्ड आणि त्याहून नंतरचे इंजिन सहज सापडते.

म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी गाडीजवळ बसून एक यादी करावी. बॅटरी सहा व्होल्टची आहे की बारा, कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे, डायनमो आहे की अल्टरनेटर, कटआउट (डायनमो आणि बॅटरी यांच्यामधला नियंत्रक) कोणत्या बनावटीचा आहे आणि त्यावर टर्मिनलची कोणती अक्षरे आहेत, अँपिअर मीटर आहे की फक्त तांबडा दिवा, वायपर मोटर एका वेगाची आहे की दोन, हॉर्न एक आहे की दोन, डिपर पायाने दाबायचा आहे की स्टिअरिंगजवळच्या दांडीवर, इंडिकेटर आणि पार्किंगचा दिवा एकाच काचेत आहेत की वेगळे, रिव्हर्सचा दिवा आहे की नाही, हे सर्व लिहून काढावे. प्रत्येक खटक्याच्या मागच्या बाजूचे, वायरी जागेवर असतानाचे फोटो घ्यावेत. ही यादी आणि फोटो पाहिल्याशिवाय जो विक्रेता 'आहे आमच्याकडे, पाठवतो' असे म्हणतो, त्याच्याकडून हार्नेस घेऊ नये.

रंग मूळचेच हवेत का? कोणतेही रंग वापरले तर काय बिघडते?

वीज रंग ओळखत नाही, पण पुढे दहा वर्षांनी रात्री घाटात गाडी बंद पडेल तेव्हा दुरुस्ती करणारा माणूस रंगावरूनच वाट शोधणार आहे. त्यामुळे मूळ रंगांचा आग्रह धरावा.

अँबेसेडर आणि हेरल्ड या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत लुकास या ब्रिटिश विद्युत सामानाच्या कंपनीची रंगपद्धत आढळते, आणि ती एकदा समजली की आराखडा न पाहताही अर्धे काम होते. तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते. तिच्यात करंट कायम असतो आणि तिला फ्यूज नसतो. पांढरी वायर किल्ली फिरवल्यावर जिवंत होते आणि इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलकडे जाते. तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी होते. वायपर, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि मीटर हिरव्यावर चालतात. जांभळी वायर कायम करंटची पण फ्यूजमधून आलेली असते, आणि हॉर्न व आतला दिवा तिच्यावर असतो. तांबडी पार्किंग आणि मागच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची. त्यात निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर (दूरचा झोत) आणि तांबडी रेघ असेल तर डिपर (जवळचा झोत). हिरव्यावर तांबडी रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, पांढरी रेघ म्हणजे उजवा. काळी वायर अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली. डायनमोच्या वायरींबाबत मात्र सावध राहावे. जुन्या गाड्यांत त्या पिवळ्या आणि पिवळ्या-हिरव्या असतात, नंतरच्या काळात त्या तपकिरी-पिवळ्या आणि तपकिरी-हिरव्या झाल्या.

फियाट आणि पद्मिनीचे रंग इटालियन पद्धतीचे आहेत आणि ते लुकासशी जुळत नाहीत. अँबेसेडरवर हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनने पद्मिनी केवळ सवयीने जोडू नये. तिचा आराखडा समोर ठेवूनच काम करावे.

रेघेच्या वायरी सहज मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. अशा वेळी मूळचा मुख्य रंग घ्यावा आणि दोन्ही टोकांना रेघेच्या रंगाची छोटी नळी चढवावी. सगळे वायरिंग एकाच काळ्या किंवा तांबड्या वायरीत करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

वायरीची जाडी कशी ठरवावी?

हा प्रश्न मालकांनी स्वतः समजून घ्यावा, कारण विक्रेता स्वस्तात देतो तेव्हा तो बहुधा तांब्यातच काटकसर करतो.

जुन्या ब्रिटिश वायरींवर १४/०.३० असा आकडा असतो. त्याचा अर्थ ०.३० मिलिमीटर जाडीच्या चौदा तारा, म्हणजे साधारण एक चौरस मिलिमीटर तांबे. अशी वायर सुमारे पावणेनऊ अँपिअरपर्यंतच्या भारासाठी वापरत. २८/०.३० म्हणजे दोन चौरस मिलिमीटर आणि साडेसतरा अँपिअर, ४४/०.३० म्हणजे सुमारे तीन चौरस मिलिमीटर आणि साडेसत्तावीस अँपिअर. आराखड्यात १४/०.०१२ असे दिसले तर तो आकडा इंचांतला आहे आणि वायर तीच आहे.

आता हेडलाइटचा हिशेब पाहू. जुने ४५/४० वॉटचे दोन बल्ब अप्परवर नव्वद वॉट घेतात, म्हणजे बारा व्होल्टला साडेसात अँपिअर. त्यांच्या जागी ६०/५५ चे हॅलोजन लावले की दहा अँपिअर होतात. बाजारातले १००/९० चे बल्ब घातले तर हा आकडा सोळाच्या पुढे जातो आणि मूळ वायर व मूळ खटका दोन्ही तापू लागतात. खटका जळण्यामागे अनेकदा हेच कारण असते, आणि दोष मात्र खटक्याला दिला जातो.

तापण्याइतकाच व्होल्टेज गळण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. बॅटरीपासून डॅशबोर्डातल्या खटक्यापर्यंत आणि तिथून परत दिव्यांपर्यंतचे अंतर चार मीटर धरले, तर दहा अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट केवळ वायरीत जातात. खटका, डिपर आणि सांधे यांतली गळती वेगळी. बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. चोर्ला घाटात पावसाळी रात्री हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे दोन चौरस मिलिमीटरची वायर आणि अप्पर व डिपरसाठी एकेक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा विद्युत खटका). बॅटरीचा भार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलवर फ्यूजमधून यावा, दिवा ८७ वर जोडावा, आणि जुन्या खटक्याकडे फक्त ८५-८६ मधून जाणारा अगदी थोडा करंट ठेवावा. अशाने मूळ खटका वाचतो आणि डॅशबोर्डला हातही लावावा लागत नाही.

पातळ आवरणाच्या आधुनिक वायरी तेवढ्याच तांब्यात जास्त अँपिअर वाहून नेतात, कारण त्यांचे आवरण अधिक उष्णता सोसते. त्यामुळे काही जण हेडलाइटलाही बारीक वायर पुरेल असे सांगतात. ती वितळणार नाही हे खरे, पण व्होल्टेजची गळती तांब्याच्या जाडीवर ठरते, आवरणावर नाही. पातळ आवरणाची वायर जरूर घ्यावी, तांबे मात्र कमी करू नये.

फ्यूज वाढवावेत का? मूळ गाडीत तर दोनच आहेत.

लुकास पद्धतीच्या अनेक जुन्या गाड्यांत दोनच फ्यूज असतात, आणि हेडलाइट, कॉइल व मुख्य तपकिरी वायर यांना फ्यूजच नसतो. नवे हार्नेस करवून घेताना बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज आणि हेडलाइटसाठी स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावेत. ते बोनेटखाली एका कडेला बसतात आणि गाडीच्या मूळ रूपाला बाधा येत नाही.

येथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो कितीला वितळतो हे सांगतो. सतत वाहण्याची त्याची मर्यादा सुमारे सतरा अँपिअर असते. दुकानातल्या इतर काचेच्या फ्यूजवर बहुधा सतत वाहण्याचा आकडा छापलेला असतो. म्हणून जुन्या ३५ च्या जागी दुकानातला नवा ३५ बसवला की संरक्षण जवळजवळ निम्मे होते, आणि फ्यूज शाबूत राहून वायर जळते. अशा वेळी पंधरा किंवा फार तर वीसचा फ्यूज घ्यावा. फियाटच्या उघड्या, टोकदार फ्यूजच्या पट्ट्या दमट हवेत गंजतात. त्या घासून स्वच्छ कराव्यात आणि होल्डरची पकड ढिली असेल तर होल्डरच बदलावा.

डायनमो काढून अल्टरनेटर बसवला आहे. जुन्या आराखड्याचे हार्नेस चालेल का?

जसेच्या तसे चालणार नाही. जुना लुकास डायनमो साधारण वीस-बावीस अँपिअर देतो आणि त्याची वायर तेवढ्याच बेताने निवडलेली असते. अल्टरनेटर पस्तीस, पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त देतो. त्यासाठी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत किमान सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर लागते. तीस अँपिअरपर्यंतचाच अँपिअर मीटर असेल तर हा सगळा करंट त्यातून नेऊ नये. व्होल्ट मीटर लावणे अधिक सुरक्षित ठरते. कटआउटचे काम संपलेले असते, त्यामुळे त्याच्या वायरी सोडवाव्यात. दिसायला हवा म्हणून तो जागेवर ठेवायला हरकत नाही. चार्जिंगचा तांबडा दिवा मात्र वगळू नये, कारण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा चेतक करंट त्या लहानशा बल्बमधूनच मिळतो.

पॉझिटिव्ह अर्थ किंवा सहा व्होल्टच्या गाडीला वेगळे हार्नेस लागते का?

पॉझिटिव्ह अर्थसाठी, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी, वेगळे लागत नाही. वायरीतून करंट कोणत्याही दिशेने जातो. बॅटरीच्या केबलची टोके तेवढी वेगळी असतात, कारण बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो. निगेटिव्ह अर्थ करायचा असेल तर कॉइलच्या आणि अँपिअर मीटरच्या वायरी उलटवाव्यात, आणि डायनमोला नव्या दिशेचा चुंबकीय संस्कार द्यावा. जुना रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर ते आधी सोडवून ठेवावे.

सहा व्होल्टची गोष्ट निराळी आहे. ४५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टला पावणेचार अँपिअर घेतो, तर सहा व्होल्टला साडेसात. म्हणून विलीसच्या जुन्या लष्करी जीपसारख्या सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टच्या मापाचे बारीक हार्नेस बसवले, तर दिवे मिणमिणतात आणि वायरी तापतात. उलट, सहा व्होल्टचे जाड आणि सुस्थितीतले हार्नेस बारा व्होल्टसाठी निश्चिंतपणे वापरता येते.

कॉइलच्या बाबतीत काही पाहावे लागते का?

होय. काही गाड्यांच्या हार्नेसमध्ये कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रोध असलेली असते, आणि तिच्यासोबत सुमारे दीड ओहमची कॉइल येते. साध्या वायरीवर सुमारे तीन ओहमची कॉइल लागते. नवे हार्नेस आणि आपली कॉइल यांची जोडी जुळत नसेल, तर एका बाबतीत ठिणगी क्षीण पडते आणि दुसऱ्या बाबतीत कॉइल व प्लॅटिन पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात. मल्टीमीटरने मोजायला दोन मिनिटे पुरतात.

परदेशी तयार हार्नेस मागवावे का?

अँबेसेडरचा मूळ नमुना मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन हा असल्याने, अगदी सुरुवातीच्या अँबेसेडरला ब्रिटनमधले हार्नेस बरेचसे जुळू शकते. नंतरच्या मार्क दोन, तीन आणि चारसाठी तो मार्ग धरू नये. हेरल्ड चेन्नईत बनली असली तरी तिचे विद्युत सामान ब्रिटिश पद्धतीचे आहे, म्हणून तिच्यासाठी हा पर्याय विचारात घेता येतो. फियाट ११०० साठी इटलीहून हार्नेस मागवताना स्टिअरिंगची बाजू आधी विचारावी. तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असल्याने डॅशबोर्डातली प्रत्येक फांदी आपल्या गाडीत चुकीच्या बाजूला निघते, आणि वायरी कुठे तोकड्या पडतात तर कुठे लोंबतात.

बेळगाव किंवा कोल्हापुरात हार्नेस बनवून घेता येते का, आणि ते कसे करून घ्यावे?

बनवून घेता येते, आणि बहुतेक भारतीय जुन्या गाड्यांसाठी मी हाच मार्ग सुचवेन. बेळगावच्या उद्यमबाग परिसरातल्या कारखानदारीमुळे केबल, लग आणि क्रिम्पिंगची (लग वायरीवर दाबून बसवण्याची) कामे जाणणारी माणसे शहरात आहेत. निपाणी-चिकोडीकडच्या मालकांना कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ पडते. मूळ बनावटीचे खटके, होल्डर आणि फ्यूज बॉक्स हवे असतील तर पुण्याची नाना पेठ किंवा बेंगळुरूचा जे. सी. रोड गाठावा लागतो.

कारागिराला तोंडी वर्णन न देता जुने हार्नेस अखंड नेऊन द्यावे. ते गाडीतून काढताना कापू नये, आणि ओढून काढण्यापूर्वी त्याच्या टोकाला मजबूत सुतळी बांधावी. हार्नेस बाहेर येईल तशी सुतळी पोकळ्यांमधून आत सरकते आणि पुढे नवे हार्नेस त्याच वाटेने ओढून घेता येते. डिकीकडे जाणाऱ्या भागासाठी ही युक्ती केली नाही, तर छताचे किंवा दाराखालचे अस्तर उचकटावे लागते.

प्रत्येक वायर सोडवण्यापूर्वी तिला चिठ्ठी लावावी आणि चिठ्ठीवर शब्दांऐवजी क्रमांक लिहावेत. आपल्या भागात मालक मराठीत लिहितो, इलेक्ट्रिशियन कन्नड वाचतो आणि सुट्या भागांवर इंग्रजी छापलेले असते. 'मा. डा. दि.' अशी चिठ्ठी महिन्याभराने मालकालाही उलगडत नाही. इंग्रजी अंकांत १ ते ६० असे क्रमांक द्यावेत आणि वहीत प्रत्येक क्रमांकासमोर कुठून कुठे हे लिहून ठेवावे, म्हणजे तिघांनाही ते सारखेच कळते. कापडी चिठ्ठीवर पक्क्या शाईने लिहावे. कागदाची चिठ्ठी तेलाने पुसली जाते.

कारागीर जुने हार्नेस फळीवर पसरून, जिथे फांदी फुटते तिथे खिळे मारून नवे बांधतो. त्या वेळी आपण समोर असावे. एखादे जादा कनेक्शन हवे असेल, उदाहरणार्थ हेडलाइट रिले, मोबाइल चार्जिंग किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तर ते तेव्हाच बांधून घ्यावे. प्रत्येक फांदी जुन्यापेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवायला सांगावी, कारण जुन्या वायरी वारंवार टोके कापून आखूड झालेल्या असतात. जे टोक रबरी बूच बसवलेल्या भोकातून जाणार आहे, त्यावर मोठा कनेक्टर आधीच बसवू नये. गाडीत ओवल्यावर बसवावा.

घरगुती वायरिंगची वायर चालेल का?

नाही. ती भारतीय मानक ६९४ प्रमाणे इमारतींसाठी बनते. मोटार वाहनांच्या केबलसाठी २४६५ हे वेगळे मानक आहे. गाडीतली वायर सतत थरथरते, तिच्यावर तेल आणि पेट्रोल सांडते आणि ती इंजिनाजवळ तापते. घरगुती वायरीत तारा थोड्या आणि जाड असतात, त्यामुळे त्या लगजवळ थरथरून एकेक करून तुटतात.

वायर शुद्ध तांब्याची आहे हे कसे ओळखावे?

वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली वायर बाजारात सर्रास मिळते. तिच्या एका तारेवर ब्लेडने खरवडावे. आत पांढरा धातू दिसला तर ती वायर परत करावी. वरून पांढरी आणि खरवडल्यावर तांबूस निघाली, तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर आहे. ती उत्तमच असते आणि पावसाळी भागात अधिक टिकते. गुंडाळी हातात घेऊन वजनाचा अंदाजही घ्यावा, कारण अॅल्युमिनियमची गुंडाळी स्पष्टपणे हलकी लागते.

टोके डाग (सोल्डर) देऊन जोडावीत की क्रिम्प करावीत?

योग्य जबड्याच्या पकडीने केलेले क्रिम्प थरथरीत अधिक टिकते. साध्या पक्कडीने चेपलेला लग मात्र काही महिन्यांत ढिला होतो. लुकासच्या गोल बुलेट टोकांना डाग देण्याची जुनी पद्धत चांगली आहे; डाग दिल्यावर वायर टोकाजवळ वाकणार नाही, असा आधार तिला द्यावा. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा नव्या हार्नेसमध्ये एकही नसावा.

हार्नेसवर कोणते वेष्टन घ्यावे?

चिकट नसलेली पीव्हीसी पट्टी किंवा कापडी पट्टी घ्यावी. नेहमीची काळी चिकटपट्टी उन्हाळ्यात बोनेटखाली पाझरते, तिचा डिंक वायरींना लागतो आणि त्यावर तांबडी धूळ बसते. १९५० च्या आसपासच्या गाडीला विणलेल्या सुती आवरणाचे हार्नेस शोभून दिसते. तसे करायचे असल्यास आत पीव्हीसीचीच वायर असल्याची खात्री करावी, कारण जुन्या धर्तीचे रबर लवकर कडक होते.

अर्थच्या वायरीही हार्नेससोबत येतात का?

सगळ्या येत नाहीत, आणि नव्या हार्नेसनंतरच्या बहुतांश तक्रारी अर्थच्याच असतात. बॅटरीच्या जाड केबल आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी वेगळी घ्यावी लागते. ही पट्टी तुटलेली असेल तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल लाल होते आणि तिचे आवरण वितळते. चोकची केबल तापते अशी तक्रार असेल तर आधी ही पट्टी पाहावी. गाडी नव्याने रंगवली असेल तर प्रत्येक अर्थच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वायसर घालून नट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.

एलईडी बल्ब लावायचे असतील तर हार्नेस बदलते का?

हार्नेस बदलत नाही, फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बदलावा लागतो. जुना फ्लॅशर २१ वॉटच्या दोन बल्बच्या भारावर तापून उघडझाप करतो; एलईडीचा भार त्याला पुरत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत बहुतेक एलईडी बल्ब पेटतच नाहीत.

नवे हार्नेस बसवल्यावर बॅटरी थेट जोडावी का?

थेट जोडू नये. आधी बॅटरी न जोडता मल्टीमीटरने प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत तपासावी. मग बॅटरीचे अर्थचे टोक जोडावे आणि दुसऱ्या टोकात, केबल व बॅटरीच्या मध्ये, २१ वॉटचा बल्ब मालिकेत घालावा. सगळे खटके बंद असताना बल्ब विझलेला राहिला तर ठीक. तो पूर्ण प्रकाशाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडतो आणि काहीही जळत नाही. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्याच्या शाखेत दोष आहे. एकही फ्यूज काढून बल्ब विझत नसेल तर दोष बिनफ्यूजच्या वायरींत शोधावा. पार्किंगचा खटका लावल्यावर बल्ब मंद पेटणे आणि गाडीचे दिवेही मंद दिसणे स्वाभाविक आहे. या तपासणीत गाडी उत्तीर्ण झाल्यावरच बल्ब काढून बॅटरी जोडावी, आणि पहिल्या अर्ध्या तासात हार्नेसवर ठिकठिकाणी हात ठेवून कोणती वायर कोमट लागते ते पाहावे.

उंदरांपासून नवे हार्नेस कसे वाचवावे?

ऊस तुटला की शेतातले उंदीर आडोसा शोधतात, आणि महिनोन्‌महिने न हललेली गाडी त्यांना आयती मिळते. गाडी दर आठवड्याला सुरू करून थोडी फिरवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. शेडमध्ये धान्य, पेंड किंवा चिंध्या ठेवू नयेत. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी बूच असावे. मोकळ्या भोकांना बारीक जाळी लावावी. जिथे हार्नेस जमिनीजवळून जाते तिथे विणलेली धातूची नळी चढवता येते, मात्र तिची टोके वायरीला घासणार नाहीत याची काळजी घ्यावी.

हार्नेस बदलल्याने व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन त्यात बसते. म्हणजे १९७४ च्या पद्मिनी आता या वयोमर्यादेत आल्या आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. नूतनीकरणाला पाच हजार लागतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून रोज गाडी वापरणाऱ्याने अर्ज करण्यापूर्वी हा विचार करावा.

मूळ मापाचे आणि मूळ रंगांचे हार्नेस ही देखभाल आहे, त्या व्याख्येतला फेरफार नव्हे. तरीही कामाचे बिल, जुन्या वायरिंगचे फोटो आणि क्रमांकांची वही गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. बेळगाव किंवा चिकोडीच्या आरटीओत तपासणीला जाताना हे कागद सोबत असले की काय बदलले आणि काय मूळचे आहे हे दाखवता येते, आणि पुढच्या मालकालाही तोच आराखडा मिळतो.